अफवेवर बंदी हाच उतारा काय?

अफवा साथीच्या रोगासारखी पसरते, हे वाक्य आपण वैद्यकीय व्यावसायिक इतक्या वेळा उच्चारतो की ते कितपत खरे आहे, हे तपासण्याची गरज आपल्याला वाटेनाशी झाली आहे. प्रसाराचा वेग, गर्दीचे महत्त्व, वाहकाला स्वतः काहीच त्रास न होणे, इथपर्यंत हे साम्य जुळते. त्यापुढे मात्र ते आपल्याला घाईच्या उपायाकडे नेते. साथ आली की विलगीकरण करावे, जंतू नष्ट करावा. तद्वत अफवा उठली की बोलणाऱ्याचे तोंड बंद करावे, असा निष्कर्ष आपण नकळत काढतो. धार, देवास, इंदूर या परिसरातील सहकाऱ्यांच्या बैठकांत गेली काही वर्षे ही मागणी मी वारंवार ऐकत आलो आहे की, खोट्या वैद्यकीय माहितीवर आणि कटकारस्थानांच्या कहाण्यांवर सरसकट बंदी घालावी व त्या पसरवणाऱ्यास शिक्षा व्हावी. या मागणीमागचा संताप लसीकरणाच्या टेबलाशी आयुष्य घालवलेल्या बालरोगतज्ज्ञाला समजणारच. तरीही ती जशीच्या तशी मान्य करण्यास मी तयार नाही. त्याची कारणे बरीचशी आपल्याच प्रांताच्या आणि आपल्याच भाषेच्या इतिहासात आहेत.

प्रथम बंदीच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा पाहू. मांडूच्या दक्षिण कड्यावर उभे राहिले की खाली निमाडचा सपाट प्रदेश पसरलेला दिसतो. त्याच निमाडात, आपल्या धार जिल्ह्याच्या मनावर तहसिलीत, बोरलाई हे गाव आहे. ५ फेब्रुवारी २०२० रोजी इंदूर-उज्जैनकडील काही शेतकरी मजुरांना दिलेली उचल परत मागण्यासाठी या भागात आले होते. मुले पळवणारी टोळी आली, अशी आवई उठली. जमावाने त्यांना गाठले व दगडा-काठ्यांनी मारले. त्यांतील एकाचा मृत्यू झाला, इतर जखमी झाले. त्याआधी १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे, आठवडी बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारण्यात आले. ते सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढे तालुक्यातून पोटासाठी फिरत आलेले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने या प्रकरणी सात जणांना जन्मठेपेची शिक्षा सुनावली.

त्या काळात देशभर फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एक कराचीतील होती. मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावर खेळणारे मूल उचलून नेतात, एवढेच तीत दिसे. मुळात ती मुलांच्या सुरक्षेविषयी जागृती करण्यासाठी तयार केलेली होती. शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात व पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. तो शेवट कोणीतरी कापून टाकला होता. ज्या पालकांच्या हितासाठी ती फीत केली, तशाच पालकांच्या हातात तिने दगड दिले.

अशा वेळी बोलणे आणि मारणे यांत काही तासांचेच अंतर असते. शंकानिरसनास अवधी नसतो. 'अमुक रस्त्याने, अमुक गाडीतून, मुले पळवणारे येत आहेत' हे मत नव्हे. ते एखाद्या माणसाकडे दाखवलेले बोट आहे. ते तत्काळ थांबवले पाहिजे. यासाठी कायदा आधीपासूनच होता. भारतीय दंडविधानाचे कलम ५०५ नेमके अशा अफवांसाठी होते. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ ने घेतली आहे. कायदा नव्हता म्हणून बोरलाई घडले, असे म्हणता येत नाही.

हे कलम ५०५ आज आपण पाहतो त्या रूपात आले ते १८९८ साली, आणि त्यामागची पार्श्वभूमी होती मुंबई-पुण्याची प्लेगची साथ. वैद्यकीय इतिहासात फारशी रुची नसलेल्या वाचकांनीही पुढील दोन परिच्छेद थोडा धीर धरून वाचावेत, अशी विनंती आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे निदान केले. २९ ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला चढवला. रुग्णालयात नेतात ते मारण्यासाठी, देहातून 'मोमियाई' काढतात, अशा कंड्या शहरात पिकल्या होत्या. आज आपण त्यांना हसतो. पण त्या पिकल्या कशातून, हे पाहिले तर हसू ओसरते. प्लेगचा रुग्ण बहुधा अखेरच्या अवस्थेत रुग्णालयात पोहोचे. घरून नेलेला माणूस परत येत नसे. का परत येत नाही, हे कोणी समजावून सांगत नसे. लोकांनी आपल्याला सुचेल तसे उत्तर तयार केले. उत्तर खोटे होते, प्रश्न मात्र खरा होता.

फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. पुण्यात रँडसाहेबांच्या समितीने गोऱ्या सैनिकांकरवी घरझडत्या सुरू केल्या. स्त्रियांची तपासणी, देवघरात बुटांनी शिरणे, सामान जाळणे यांविषयी तक्रारींचा पूर आला. त्या तक्रारींत अतिशयोक्तीही होती आणि सत्यही होते, आणि दोन्ही एकाच तोंडून येत होते. लोकमान्य टिळकांनी 'केसरी'तून या जुलमावर टीका केली. दुसरीकडे हिंदूंसाठी प्लेगचे रुग्णालय चालावे म्हणून खटपटही केली. रोग खरा आहे आणि बंदोबस्त जुलमी आहे, ही दोन्ही विधाने एकाच वेळी करणारा माणूस सरकारला परवडेना. २२ जून १८९७ रोजी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यानंतर नातू बंधूंना १८२७ च्या रेग्युलेशनखाली खटल्यावाचून डांबले गेले, टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला. खटला वरकरणी शिवोत्सवासंबंधीच्या मजकुराचा होता. शिक्षा दीड वर्षाची झाली. याच सुमारास नामदार गोखले इंग्लंडहून परतत होते. सैनिकांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केल्याचे पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी तेथील वृत्तपत्रात सांगितले होते. मुंबईस उतरल्यावर पुरावा हवा झाला, तेव्हा पत्रे लिहिणारे पुढे येईनात, आणि गोखल्यांनी त्यांची नावे सांगण्याचे नाकारून जाहीर बिनशर्त माफी मागितली. त्या आरोपात तथ्य होते की नव्हते, हे ठरवण्याचा मार्गच उरला नाही. १८९८ च्या दुरुस्त्यांनी राजद्रोहाचे कलम रुंदावले, १५३-अ नवे घातले आणि ५०५ नव्याने लिहिले. साक्षीदार घाबरले की खोट्याबरोबर खरेही दडून बसते, असा याचा अर्थ मी लावतो.

त्या कलम ५०५ मध्येही एक अपवाद ठेवलेला होता. विधान खरे आहे असे मानण्यास वाजवी कारण असून ते सद्भावनेने केले असेल, तर तो गुन्हा नाही. नव्या संहितेतही हा अपवाद आहे. सरसकट बंदी मागणारे आपण डॉक्टर, ब्रिटिश सरकारने ठेवलेली एवढी फटही बुजवू पाहतो की काय, हे तपासून घ्यावे.

आता दुसरा मुद्दा, आणि तो आपल्या व्यवसायाला अधिक बोचणारा आहे. खोटे काय, हे कोणी ठरवायचे? डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी १८९७ च्या जानेवारीत मुंबईत आपली प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ जणांना ही लस दिली गेली आणि एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. त्या वेळी कोणी म्हटले असते की लसीने माणसे मेली, तर ती अफवा म्हणायची की वस्तुस्थिती? चौकशी आयोग नेमला गेला. बाटली प्रयोगशाळेतच दूषित झाली, असा अधिकृत निष्कर्ष निघाला. हाफकिन यांचे पद गेले. बाटली उघडताना सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता व तोच नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, ही बाब पुराव्यात असूनही मागे पडली. रोनाल्ड रॉस व इतर नामवंत जंतुशास्त्रज्ञांनी जुलै १९०७ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून ती पुढे आणली आणि त्या वर्षअखेर हाफकिन दोषमुक्त झाले. परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव १९२५ मध्ये मिळाले. म्हणजे जवळजवळ पाच वर्षे सरकारी सत्य चूक होते आणि त्याला आव्हान देणारे बरोबर होते. 'अधिकृत निष्कर्षाविरुद्ध लिहिणे ही चुकीची माहिती' अशी व्याख्या तेव्हा असती, तर रॉस यांचे पत्र तिच्या कचाट्यात सापडले असते.

उलट बाजूचे उदाहरणही द्यायला हवे, नाहीतर मी केवळ बंडखोरांची बाजू घेतो असे वाटेल. गालगुंड, गोवर, रुबेला या तिहेरी लशीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवणारा वेकफील्ड यांचा १२ मुलांवरील निबंध १९९८ मध्ये 'लॅन्सेट'सारख्या मान्यवर नियतकालिकात छापून आला. तो मागे घ्यायला २०१० उजाडले. त्यातील गैरप्रकार खणून काढण्यात मोठा वाटा एका पत्रकाराचा होता, आपल्यापैकी कोणाचा नव्हे. खोटेपणा बाजारातून वर चढत आला असे नाही, तो आमच्याच माडीवरून खाली उतरला. मान्यवरांचे शिक्के पाहून बंदी घालायची म्हटली असती, तर बारा वर्षे बंदी कोणावर आली असती?

आपल्या न्यायालयांपुढेही हा प्रश्न नुकताच येऊन गेला आहे. केंद्र सरकारच्या कारभाराविषयीची कोणती माहिती खोटी अथवा दिशाभूल करणारी, हे ठरवण्यासाठी सरकारनेच एक तपासणी कक्ष नेमावा, असा नियम एप्रिल २०२३ मध्ये करण्यात आला. मुंबई उच्च न्यायालयात त्यास आव्हान दिले गेले. ३१ जानेवारी २०२४ रोजी दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला, आणि तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी दिलेल्या मतानंतर तो नियम रद्द ठरला. कायद्याची बारकाई मला कळते असा माझा दावा नाही. परंतु तपासणारा आणि ज्याचा कारभार तपासायचा तो एकच असू नये, हे समजण्यास कायद्याची पदवी लागत नाही. शवविच्छेदन उपचार करणाऱ्या डॉक्टरने करू नये, हे आपण जाणतोच.

मग बंदी नकोच काय? तसे नाही. रेषा कोठे ओढावी, हे एका डॉक्टरनेच आपल्याला दाखवले आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर हे मिरजेस शिकलेले वैद्य. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झटले आणि त्यांचे म्हणणे सतत एकच होते: हा कायदा श्रद्धेविरुद्ध नाही, नेमक्या अघोरी कृत्यांविरुद्ध आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला व डिसेंबरात कायदा संमत झाला. त्याच्या अनुसूचीत कृत्ये एकेक करून लिहिलेली आहेत. भुतावर विश्वास ठेवणे हा गुन्हा नाही. भूत उतरवण्यासाठी माणसाला साखळीने बांधून मारणे हा आहे.

मांडूला गेल्यावर वाटाड्या आपल्याला सांगतो की राणी रूपमती रोज नर्मदेचे दर्शन घेऊनच अन्नग्रहण करी, म्हणून बाजबहादुराने तिच्यासाठी हा मंडप बांधला. ती वास्तू मुळात लष्करी टेहळणीसाठी उभारलेली होती, असे अभ्यासक मानतात. वाटाड्याचे विधान काटेकोरपणे पाहता असत्य आहे, पण त्याच्यावर बंदी घालावी असे कोणी म्हणणार नाही (मी तर दर वर्षी ती कथा नव्याने ऐकतो). तेथेच गोरखचिंचेची फळे 'मांडूची इमली' म्हणून विकतात. विकणाऱ्या बाईने सांगितले की याने तहान भागते, तर घ्यावे आणि चाखावे. पण तेच फळ डबीत भरून 'मधुमेह मुळापासून नाहीसा' असे छापले, तर ते १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याखाली येते, आणि यायलाच हवे. असत्याच्या मात्रेपेक्षा त्याने काय घडते, कोण त्यावर पैसा करतो आणि कोणाचे इन्सुलिन त्यापायी बंद पडते, हे पाहून बंदीचा विचार करावा, असे माझे मत आहे.

बंदी आणि मोकळीक यांच्या मध्येही काही वाटा आहेत. २०१८ च्या दुर्घटनांनंतर व्हॉट्सॲपने भारतात एकच निरोप एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठवण्यास मनाई केली. एप्रिल २०२० मध्ये वारंवार फिरलेल्या निरोपांसाठी ही मर्यादा एकावर आणली. निरोप कोणी पुसला नाही, तो खरा की खोटा हेही कोणी ठरवले नाही. फक्त वेग कमी केला. साथीच्या रोगाची उपमा वापरायचीच असेल तर ती येथे चपखल बसते.

आता बाह्यरुग्ण विभागाकडे येऊ, कारण आपले खरे काम तेथे आहे. बी.सी.जी. दिल्यावर दोन ते चार आठवड्यांनी बाळाच्या डाव्या दंडावर पुटकुळी येते, ती फुटते, वाहते आणि दोन-तीन महिन्यांत व्रण ठेवून बरी होते. हे आधी न सांगितल्यास 'सुई पिकली' ही बातमी हाटाच्या दिवशी चार फळ्यांत पोहोचते. ती बातमी खोटी आहे काय? आईने जे पाहिले तेच ती सांगते. गोवर-रुबेला मोहिमेच्या काळात या लशीने मुली वांझ होतात, अशी वावडी देशात अनेक ठिकाणी उठली. वस्तुतः पुढे जन्माला येणारे मूल मोतीबिंदू, बहिरेपणा वा हृदयदोष घेऊन येऊ नये म्हणून ती लस. पण सरकारी सुई आणि वंध्यत्व यांची सांगड लोकांनी हवेतून घातलेली नाही. १९७६-७७ च्या सक्तीच्या नसबंदीची आठवण घराघरांत आजी सांगते. त्या आजीला आपण कायद्याने गप्प केले, तर तिची सून प्रश्न विचारायचे सोडून देईल आणि लसीकरणाच्या दिवशी शेतात निघून जाईल. दिल्लीत शाळांमधून पालकांच्या संमतीवाचून ही लस देण्याची योजना जानेवारी २०१९ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने रोखली, तेव्हा आपल्यापैकी अनेक जण चिडले. मला तो निर्णय लशीच्या हिताचा वाटला.

पोलिओचा अनुभव तर सर्वांसमोर आहे. २००२ साली देशात १६०० रुग्ण होते, बहुतांश उत्तर प्रदेशात, आणि डोसांविषयी संशय दाट होता. तो संशय कोणत्याही मनाई हुकुमाने गेला नाही. वस्तीतल्याच स्त्रिया दारोदार गेल्या, मौलवी व शिक्षक सोबत उभे राहिले, ज्यांनी दार लावले त्यांच्याकडे पुन्हा गेले. शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात सापडला. मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला.

आणि चूक झाली तर? ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यात १२ बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात निर्जंतुक करण्याचे द्रव्य पाजले गेले. मुले बरी झाली. प्रशासनाने गोष्ट दडवली नाही, संबंधितांवर कारवाई केली, मुलांना पुन्हा डोस दिले. समजा, त्या संध्याकाळी एखाद्या बापाने 'पोलिओच्या डोसाने माझे मूल ओकते आहे' असे गावभर सांगितले असते, आणि सरसकट बंदीचा कायदा हाताशी असता, तर पहिला गुन्हा त्या बापावर दाखल झाला असता. लसीकरणानंतरची गंभीर घटना चोवीस तासांत वर कळवावी, असा आपल्याला दंडक आहे. खाजगी दवाखान्यांतून तो किती पाळला जातो, हे प्रत्येकाने आपल्या नोंदवहीत पाहावे.

१ एप्रिल २०२० रोजी इंदूरच्या टाटपट्टी बाखलमध्ये आरोग्य पथकावर दगडफेक झाली, दोन महिला डॉक्टर जखमी झाल्या. निरोगी माणसांना उचलून नेतात, ही तीच आर्थर रोडची बोलवा सव्वाशे वर्षांनी पुन्हा ऐकू आली. दगड मारणाऱ्यांना शिक्षा व्हावी, यात दुमत नाही. त्या महिन्यात १८९७ च्या कायद्यात दुरुस्ती करून ती कडक झाली, हे योग्यच झाले. पण त्या दोघी दुसऱ्याच दिवशी कामावर परतल्या, याने जे साधले ते कलमाने साधले नसते.

राहता राहिलो आपण. सामान्य माणसाला जी मोकळीक मी मागतो आहे, ती डॉक्टरांसाठी मी मागत नाही. वेकफील्ड यांचे नाव मे २०१० मध्ये तेथील वैद्यकीय नोंदवहीतून काढले गेले. बोलण्याचा त्यांचा हक्क राहिला, डॉक्टर म्हणून बोलण्याचा गेला. आपल्याकडे २००२ ची आचारसंहिता आहेच. आपल्या संस्थेच्या कार्यकारिणीपुढे म्हणून माझी एक छोटी सूचना आहे. सभासदाने पदवीच्या आधाराने एखाद्या औषधाचा वा लशीचा दावा जाहीरपणे केला, तर कोणाही सभासदास त्याचा आधार लेखी मागता यावा, आणि आधार न मिळाल्यास ते वृत्तान्तात नोंदले जावे. शिवाय स्मरणिकांना जाहिराती लागतात, हे मी जाणतो. एका संस्थेच्या अंकात मी लेखांच्या मध्ये मुलांची उंची वाढवणाऱ्या चूर्णाची पानभर जाहिरात पाहिली आहे. उंची हा विषय १९५४ च्या कायद्याच्या अनुसूचीत आहे. पुढील वर्षापासून आपल्या अंकाच्या जाहिराती छापखान्यात जाण्यापूर्वी दोन सभासदांनी ती अनुसूची समोर ठेवून वाचाव्यात. त्या कामासाठी माझे नाव लिहून घ्यावे.